समासातल्या माकडाचा श्वास

१

सोन्याचा वर्ख लावण्यात आपला हात धरणारा या शहरात दुसरा कुणी नाही, असं पेंटर छाती फुगवून सांगत. समोरचा कौतुकाने मान डोलावणार, एवढ्यात स्वतःच पुढे म्हणत, "दुसरं कुणी हे रिकामटेकडं काम करतच नाही म्हणा."

जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शाळा पाचवीतच सुटली. खरं तर शाळेनेच त्यांना सोडलं. मास्तरांच्या खुर्चीला सरस फासणाऱ्याला कुठली शाळा धरून ठेवणार? वात्रटपणा मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर एक हसरं तोंड होतं. दर वेळी रंग उजळताना पेंटर त्यातला एक दात हळूच काळा करून ठेवत. शिंप्याच्या पाटीवरच्या साहेबाची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब होती. शिंप्याला ते कधी कळलं नाही. गिऱ्हाइकांना कळलं.

म्हातारपणी हात रिकामे राहिले तर थरथरायला लागतील, या भीतीने त्यांनी नवा नाद लावून घेतला. मध्ययुगातल्या हस्तलिखितांसारखी पानं करायची. बकऱ्याचं कमावलेलं कातडं ताणून केलेलं पान, घरी वाटलेले रंग, बोरूने काढलेली टपोरी अक्षरं, आणि अक्षरांवर सोनं. ती अक्षरं कुठल्या मेलेल्या भाषेतली होती, हे पेंटरांना ठाऊक नव्हतं. "वाचायला कोण बसलंय? आपण काढायचं," असं म्हणून ते मोकळे होत.

सोन्याचं काम मोठं नाजूक. खडूची पूड, सरस आणि थेंबभर मध यांचा लेप अक्षरावर चढवायचा. तो खडखडीत वाळला की बोरूच्या पोकळ नळीतून त्यावर श्वास सोडायचा. फुंकर मारायची नाही. फुंकरीने वर्ख उडतो आणि करणाऱ्याच्याच मिशीला लागतो. चष्मा पुसण्याआधी काचेवर करतो तसं 'हा' करायचं. पोटातली ऊब आणि ओल लागली की लेप क्षणभर चिकट होतो, तेवढ्यात वर्ख टेकवायचा. जिथं श्वास पोचला नाही, तिथलं सोनं पिसाने झटकलं की निघून जातं.

पेंटरांची छाती टर्पेंटाइनच्या वासात कधीच कामातून गेली होती. म्हणून श्वास बायकोचा असे. ती टेबलाच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसायची, नळी तोंडात धरायची आणि 'हा' करायची. पेंटर वर्ख टेकवायचे. बोलायची गरज पडत नसे, आणि तिला बोलता येऊ नये म्हणूनच आपण तोंडात नळी दिली, हा विनोद ते आल्यागेल्याला ऐकवत.

आता ते स्टूल रिकामं होतं. त्यावर बोका झोपायचा. बोक्याचं नाव मुकादम, कारण स्वतः काडीचं काम करायचं नाही आणि दुसऱ्याच्या कामावरची नजर हटवायची नाही.

२

जुन्या कलांची आवड असलेल्यांचं एक मंडळ होतं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये ते दर आठवड्याला जमत. कुणी चकतीच्या चातीवर सूत काढी, कुणी लोखंडी कड्या गुंफून चिलखत करी आणि ते अंगात घालून जिन्यात अडके. पुस्तकं शिवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना सगळे बाइंडरबाई म्हणत. आणि सगळ्यांच्या डोक्यावर अध्यक्ष होते. कॉलेजातून निवृत्त झालेले, भरदार आवाजाचे. गालात कायम पेपरमिंटची गोळी. पेंटर मनातल्या मनात त्यांना पेपरमिंटच म्हणत.

मागच्या प्रदर्शनात नवराबायकोने मिळून केलेलं पान लागलं होतं. अख्ख्या हिवाळ्याचं काम होतं ते. बायकोने त्या दिवशी ठेवणीतले कपडे घातले होते, केसांना तेल लावलं होतं, आणि पानापासून हातभर अंतरावर ती अशी उभी होती की पान आपलं आहे हे कळावंही आणि आपण मिरवतोय असं दिसूही नये. अध्यक्ष माइक घेऊन फिरत होते. पानासमोर थांबले, गोळी या गालातून त्या गालात घेतली आणि म्हणाले, "हे पान नव्हे मंडळी, ही पाटी आहे. खाली फक्त 'येथे सायकली भाड्याने मिळतील' एवढं लिहायचं राहिलंय."

सगळा हॉल हसला. आवाज चांगला घुमायचा त्या हॉलमध्ये.

घरापर्यंत बायको दोन पावलं पुढे चालत होती. कुलूप काढताना एवढंच म्हणाली, "त्याची वाचा बसली पाहिजे." मग स्टूल टेबलाखाली सारलं आणि पुन्हा कधी त्यावर बसली नाही. उन्हाळा सरायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. पेंटर उठून बाजारात गेले. ते नवीन कातडं घेऊन आले.

जुन्या हस्तलिखितांमधली एक गोष्ट पेंटरांना फार आवडायची. मधे गंभीर मजकूर, आणि समासात नुसता धिंगाणा. ससे शिकाऱ्याला बांधून नेताहेत, गोगलगाय घोडेस्वाराला पळवून लावते आहे, माकड वैद्य होऊन बाटलीतलं मूत तपासतंय. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्यासारखाच उपद्व्यापी बसला होता, याचा त्यांना मोठा आधार वाटे.

तर नव्या पानाच्या समासात पेंटरांनी एक माकड बसवलं. डोक्यावर मुकुट, हातात माइक, बसायला मुलांचं शी करायचं भांडं. टक्कल अध्यक्षांचंच, कपाळावरचा मसही त्यांचाच, आणि भाषणाला उघडतं तसं उघडलेलं तोंड. येत्या प्रदर्शनात हे पान लागणार. लोक आधी सोनं बघणार, मग समास बघणार, मग अध्यक्षांकडे बघणार.

"तू फक्त बघत राहा," पेंटर बायकोच्या बाजूकडे बघून म्हणाले. मुकादमने एक डोळा उघडून मिटला.

३

माकडाच्या मुकुटावर लेप चढवला, वाळवला. पेंटरांनी स्वतःच नळी तोंडात धरली आणि खोकत खोकत 'हा' केलं. वर्ख टेकवला, पिसाने झटकला. मुकुट झळकला. बरा झळकला.

मग त्यांना ते दिसलं. माकडाच्या उघड्या तोंडात, जिभेच्या जागी, सोन्याचा एक ठिपका होता. तिळाएवढा.

आता तोंडात लेप नव्हता. तिथे नुसता काजळीचा काळा रंग होता आणि तोही चांगला वाळलेला. त्यावर सोनं टिकायचं कारण नव्हतं. पेंटरांनी पीस फिरवलं. सोनं हललं नाही. बोटाला थुंकी लावून पुसायला गेले, तर ठिपका उलट जास्तच चकाकला.

"मुकादम, शिंकलास का रे?" त्यांनी विचारलं. बोका स्टुलावर नव्हता. दाराजवळच्या पायपुसण्यावर बसला होता.

रंगात मध जास्त पडला असेल. दमट हवा असेल. चष्म्याचा नंबर वाढला असेल. पेंटरांनी अशी कारणं एकापुढे एक मांडली आणि त्यातलं स्वस्त होतं ते उचललं: मध. दुपारचं जेवण झालं होतं, डोळे जड झाले होते. ते आतल्या कॉटवर आडवे झाले.

उठले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं आणि पोटऱ्या दुखत होत्या. टेबलाशी जाऊन बघतात, तर माकडाचं अर्धं तोंड सोन्याने भरलं होतं.

वर्खाची पानं ज्यात असत ती वही बंद होती. वहीवर ठेवलेलं वजन जागेवर होतं.

४

आठवड्याच्या बैठकीला बाइंडरबाई जिन्यातच भेटल्या. दाभण कानावर पेन्सिलीसारखं खोचलेलं.

"काय पेंटर, थोबाड एवढं उजळलंय, कुणाची खोड काढलीत?"

"तुमची राहिलीय अजून."

"माझी काढाल तर कातड्यात शिवून ठेवीन. बरं, ऐकलंत का? अध्यक्ष येणार नाहीत आज. घसा बसलाय."

पेंटर जिन्यातच थांबले. "बसलाय म्हणजे?"

"म्हणजे बसलाय, उठत नाहीये. आवाजच फुटत नाही म्हणे. फोनवर त्यांची सूनच बोलली. अहो, हसताय काय?"

"मी कुठं हसतोय?"

"मग दात का मोजून दाखवताय मला?"

पेंटर त्या दिवशी हॉलमध्ये थांबलेच नाहीत. रस्त्याने येताना त्यांचं हसू आवरेना. भाजीवाल्याला त्यांनी विनाकारण डोळा मारला. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी टेबल गाठलं आणि भिंग घेऊन माकडावर वाकले. तोंड आता पुरतं भरलं होतं. गुळगुळीत, कुणीतरी अकीक दगडाने घोटून काढल्यासारखं.

सोन्याला वास नसतो. चाळीस वर्षं रंगांत काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. पण नाक पानाजवळ नेल्यावर पेंटरांना वास आला, थंडगार आणि गोडसर.

पेपरमिंट.

पेंटर ताठ झाले. मग सावकाश स्टुलाकडे वळले. "अगं," ते म्हणाले, "त्याच्या तोंडातला काढून आणलास की काय?"

आणि त्यांना असं हसू फुटलं, की छातीत कळ येईपर्यंत थांबेना.

५

ती असणार, हे एकदा ठरल्यावर पेंटरांना भीती वाटायचं बंद झालं. उलट घर भरल्यासारखं वाटू लागलं. त्यांनी स्टूल टेबलाखालून पुरतं बाहेर ओढलं, वर तिची जुनी उशी ठेवली, नळी धुऊन तिच्या बाजूला ठेवली. काम करताना ते तिला बातम्या देत. दातांचा डॉक्टर म्हातारा झाला, आता त्याचाच दात पडलाय. शिंप्याच्या पोराने पाटी बदलली, साहेबाच्या दोन्ही बाह्या सारख्या केल्या, धंद्यात काही दम राहिला नाही.

"आणि पेपरमिंटचं काय चाललंय, ते तुलाच ठाऊक," असं म्हणून ते डोळे मिचकावत.

एकच गोष्ट खटकत होती. मुकादम स्टुलावर बसेना. उशी तिची होती, तिच्या मांडीवर त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ती आली असती तर त्याने आधी उडी मारली असती. पण तो स्टुलाकडे ढुंकून बघत नसे. दुपार झाली की दाराशी जाऊन बसे, कान टवकारून, घरातलं कुणी बाहेर गेलंय आणि यायचंय अशा थाटात. पेंटर झोपून उठले की तो त्यांच्या पायांशी येई आणि तळवे हुंगू लागे. सावकाश, एकेक बोट. पूर्वी ते कामावरून आले की कुठल्या कुठल्या गल्ल्या तुडवून आलात याची तपासणी करायचा, तसंच अगदी.

"अरे, झोपलेल्या माणसाचे पाय काय हुंगतोस?" पेंटर म्हणत. "स्वप्नात कुठं गेलो असेन तर तेही हुंगून सांग."

मुकादम वर बघे. मग मागे सरके.

झोप मात्र हल्ली फार गाढ लागायची. पडल्या पडल्या विहिरीत दगड टाकल्यासारखी. आणि उठताना अंग असं मोडून आलेलं असायचं, की झोपून उठलोय की मजल मारून आलोय, ते कळू नये.

६

पुढच्या बैठकीला अध्यक्ष आले.

दोघांनी धरून त्यांना जिना चढवला होता. भरदार माणूस, पण शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल फिरत होती. गालात गोळी नव्हती. प्रदर्शनाची तारीख सांगायची म्हणून त्यांनी माइक हातात घेतला. स्पीकरमधून शब्द आले नाहीत, नुसती हवा आली. खर्र, खर्र, अशी. कुणीतरी भोक पडलेल्या भात्यावर पाय ठेवतंय, तसा आवाज. लोक आपापल्या चपलांकडे बघू लागले. चिलखतवाला तर इतका अवघडला, की त्याच्या कड्या वाजायला लागल्या.

हेच तर पेंटरांना हवं होतं. हाच हॉल, हाच माइक. ते हसायला तयार होऊन बसले होते. पण हसू वर येईचना. ती हवा ऐकताना त्यांना आपलीच छाती आठवली, खोकल्याच्या रात्री आठवल्या, आणि बायकोचा शेवटचा श्वासही आठवला. तो बराच वेळ चालला होता.

अध्यक्षांनी मान वर केली. सगळ्या हॉलमधून त्यांची नजर फिरली आणि पेंटरांवर येऊन थांबली. त्यांनी खुर्ची मागे घेतली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले.

"लाज वाटतेय बिचाऱ्याला," बाइंडरबाई कुजबुजल्या. "तुमचा अपमान केला होता ना."

"हो," पेंटर म्हणाले. पण त्यांनी पाट्यांवर शेकडो चेहरे काढले होते. लाजलेला चेहरा त्यांना ओळखू येत होता. हा लाजलेला नव्हता.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"छातीत काही दिसत नाही म्हणतात. श्वास आत जातोय तेवढा बाहेर येत नाही, का बाहेर जातोय तेवढा आत येत नाही, असलं काहीतरी. प्रदर्शनापर्यंत टिकले तरी पुष्कळ. अहो पेंटर, कुठं निघालात?"

७

कातड्याच्या पानाचं एक बरं असतं. चूक खरवडून काढता येते. पेंटरांनी वाकड्या पात्याची सुरी धारेला लावली, पान फळीवर ताणलं आणि माकडाच्या तोंडावर पातं टेकवलं. सोनं निघालं नाही. जोर केला. कातडं पातळ होत गेलं, पलीकडचा उजेड दिसू लागला, आणि त्या उजेडातही सोनं तसंच तरंगत राहिलं. आता ते तोंडातून बाहेर येऊन माकडाच्या हनुवटीवर उतरलं होतं, गळ्याकडे निघालं होतं.

"पुरे झालं गं," पेंटर म्हणाले. "वाचा बसली त्याची. आता सोड."

नळाचं पाणी ठिबकत होतं.

त्यांना वाटलं, श्वासच पोचू दिला नाही तर? स्वयंपाकघरात काचेचं मोठं भांडं होतं. ते त्यांनी पुसून कोरडं केलं आणि माकडावर पालथं घातलं. कडेने मेणाची वात दाबून बसवली. कुठून वारा शिरायला फट ठेवली नाही. मग खुर्ची ओढून समोर बसले. भर दुपार होती. खिडकीतून ऊन थेट काचेवर पडत होतं. झोपायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

बराच वेळ काही झालं नाही. पेंटरांना स्वतःचंच हसू यायला लागलं. एवढा मोठा बाप्या आणि माकडाला भांड्याखाली कोंडून राखण करतोय.

तेवढ्यात काच आतून धुरकट झाली.

रुपयाएवढाच ठिपका, माकडाच्या तोंडाच्या नेमका वर. तो विरला. पुन्हा आला. पुन्हा विरला. ओल असेल, कातड्यातली ओल उन्हाने वर येत असेल, असं पेंटरांनी मनाला सांगून पाहिलं. पण ओल अशी दम घेत घेत येत नाही. येत होती, जात होती. येत होती, जात होती.

त्यांनी भीतीने श्वास रोखला.

काच स्वच्छ झाली. स्वच्छच राहिली.

छाती फुटायला आली तेव्हा त्यांनी श्वास सोडला. काच धुरकटली. त्यांनी मुद्दाम दोनदा भरभर श्वास घेतला. काच दोनदा भरभर धुरकटली.

"नक्कल करतेस माझी?" पेंटर म्हणाले. "आत्ता थट्टेची वेळ आहे का?"

मागून फिस्कारल्याचा आवाज आला. मुकादम पाठीची कमान करून उभा होता, शेपूट झाडूसारखी फुललेली. त्याची नजर भांड्यावर नव्हती. स्टुलावरही नव्हती. पेंटरांनी मागे वळून बघितलं, आपल्या पाठीशी कोण आहे म्हणून. पाठीशी भिंत होती.

८

बोका दोन दिवस कॉटखालून बाहेर आला नाही. पेंटर त्याच्यासाठी दूध ठेवत आणि त्याच्याशी बोलत, कारण स्टुलाशी बोलायचा आता धीर होत नव्हता.

"असं बघ मुकादम," ते म्हणाले, "ती तसली बाई नव्हती. पाल मारायला गेलो तरी मला अडवायची. रागाच्या भरात बोलली एक वाक्य. माणूस बोलतो. मी तर दिवसाला दहा जणांना मातीत घालतो तोंडाने. आता त्या एका वाक्यावरून मेल्यावर तिच्या हातून खून व्हायचा? मी तिला खुनी होऊ देऊ?"

कॉटखाली दोन डोळे चमकले.

"तिला वाटत असेल, माझ्यासाठी करावं. मी रोज तिला चिथावतोय, बघत राहा म्हणतोय, हसतोय. मीच जाऊन माकडाबद्दल माफी मागितली, त्यानेही मागितली, दोघांनी हात मिळवले, की तिचा जीव थंड होईल. होईल ना?"

पानाकडे बघितलं. सोनं माकडाच्या गळ्याखाली उतरलं होतं. छातीवर, जिथं फुप्फुसं असतात, तिथं दोन पिवळे डाग उमटू लागले होते. एकदा ते भरले, की काय होणार, हे समजायला शाळा लागत नव्हती.

जन्मात पहिल्यांदा पेंटरांनी कुणाची माफी मागायला जायचं म्हणून दाढी केली. पान कापडात गुंडाळलं, काखेत मारलं. अध्यक्षांचा पत्ता त्यांना ठाऊक नव्हता. तो बाइंडरबाईंना विचारून घेतला होता. त्या भागात पेंटर कधी गेले नव्हते. तिथल्या दुकानांवर पाट्या नसतात, नुसत्या काचा असतात.

तरी पाय कसे न विचारता वळत गेले. कुठल्या कोपऱ्यावर वळायचं, कुठल्या फाटकाची कडी वर उचलावी लागते, सगळं जमत गेलं. पेंटरांना वाटलं, बायको वाट दाखवते आहे.

९

दार अध्यक्षांच्या सुनेने उघडलं. हातात औषधाचा चमचा होता.

"कोण आपण?"

"मी मंडळातला. पेंटर म्हणतात मला."

"अच्छा. पहिल्यांदाच येताय ना? या. बाबा आतल्या खोलीत आहेत. फार बोलायला लावू नका हं. आणि दुपारी दोनच्या पुढे तर ते कुणाला आत येऊच देत नाहीत, मलासुद्धा नाही. दाराला आतून टेबल लावून घेतात. आत्ता सकाळ आहे म्हणून."

खोलीत औषधांचा वास होता. खिडक्या बंद, फटींमध्ये कागद कोंबलेले. अध्यक्ष पलंगावर दोन उशांना टेकून बसले होते. पलंगाशेजारी खुर्ची होती, अगदी उशांना लागून. पेंटर आत आले तसे अध्यक्षांनी पांघरूण तोंडापर्यंत ओढून घेतलं. सून चमचा ठेवून निघून गेली.

पेंटर खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानेच, शाळेत उभं केल्यासारखे, त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"साहेब, मी तुमचं माकड काढलं." त्यांनी कापड सोडलं. "हे बघा. वाईट बुद्धीने काढलं. म्हणजे हसावं लोकांनी, एवढंच. पुढचं माझं नाही. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण माझी बायको गेलीय ना, तिला तुमचं ते बोलणं फार लागलं होतं. तिचं काम श्वास द्यायचं. ती अजून देतेय. तुमच्या छातीतला काढून इथं आणून ठेवतेय. तिच्या वतीने मी पाया पडतो तुमच्या. तिला माफ करा. तुम्ही एकदा म्हणा, की चुकलं माझं, आणि मी म्हणतो, की झालं गेलं विसरलो. मग ती थांबेल. चांगली बाई होती हो ती."

अध्यक्षांनी पानाकडे बघितलं. माकडाचा मस बघितला, भांडं बघितलं, छातीवरचे पिवळे डाग बघितले. मग पांघरूण थोडं खाली केलं. बोलायला त्यांना फार वेळ लागला. दर शब्दाआधी हवा भरावी लागत होती, आणि पुरत नव्हती.

"त्या बिचारीचं नाव कशाला पुढे करता?" ते म्हणाले. "ती कधी आली नाही इथं. रोज दुपारी तुम्हीच येता. या खुर्चीत बसता. तोंडाला तोंड लावता आणि ओढून घेता. आज निदान दार वाजवून तरी आलात."